६४ बिट आलं म्हणून कर्नलमधला इंटिजर ओव्हरफ्लो संपला का?

सह्यकडा

इंटिजर ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत न मावणं, हा ३२ बिट मशीनच्या काळातला रोग, ६४ बिट आलं आणि विषय मिटला, असं चांगले मुरलेले प्रोग्रामरही बोलताना ऐकलंय. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय. रजिस्टर रुंद झालं म्हणून कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातला, प्रत्येक आकडा रुंद होत नाही. कुठे एखादा साधा इंट बसलेला असतो, कुठे ३२ बिटचा काउंटर, कुठे जुन्या प्रोटोकॉलमधलं १६ बिटचं फील्ड. आकडा रुंद जागेतून अरुंद जागेत शिरला की वरचे बिट गळून पडतात, आणि उरलेला आकडाच खरा समजून कर्नल पुढचं सगळं काम उरकतो.

नवीन वाचकांसाठी आधी मूळ गोष्ट. ३२ बिटच्या अनसाइन्ड, म्हणजे कधीच उणे नसणाऱ्या, आकड्याची कमाल ४,२९,४९,६७,२९५. त्यात एक मिळवला की शून्य. साइन्ड असेल, म्हणजे उणेही चालत असेल, तर कमाल २,१४,७४,८३,६४७ आणि त्यापुढे थेट उणे. आता समजा एखाद्या युजर प्रोग्रामने कर्नलला सांगितलं की माझ्याकडे १,०७,३७,४१,८२५ नोंदी आहेत, प्रत्येक ४ बाइटची. हा गुणाकार ३२ बिटमध्ये केला तर उत्तर येतं ४. कर्नल चार बाइट जागा मागतो, ती लगेच मिळते, कुणाला काही खटकत नाही. मग नोंदी उतरवून घेणारं लूप सुरू होतं आणि ते मात्र मूळ संख्येच्या हिशेबाने फिरतं. पाचव्या बाइटपासून पुढचं सगळं शेजारच्या ऑब्जेक्टवर. लूप फार पुढे जाऊन मशीन कोसळू नये याचीही सोय हल्लेखोर करतो: आपली स्वतःची मेमरी हव्या त्या बाइटवर संपेल अशी मांडणी केली की कॉपी तिथेच एरर देऊन थांबते. युजर प्रोग्राममध्ये असं झालं तर तो एक प्रोग्राम हातचा जातो. कर्नलमध्ये शेजारी कुणाचा तरी फंक्शन पॉइंटर (पुढे कुठला कोड चालवायचा त्याचा पत्ता) असतो, कुणाचा युजर आयडी असतो, म्हणजे अख्खं मशीनच जातं.

आता ६४ बिटवरचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण. जुलै २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'सेक्वोया' नावाची त्रुटी जाहीर केली, सीव्हीई-२०२१-३३९०९ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा क्रमांक). ही चूक २०१४ पासूनच्या लिनक्स कर्नलमध्ये होती. चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या 'प्रोक' मधल्या फाइली वाचताना कर्नल सेक्-फाइल नावाची व्यवस्था वापरतो. एखादी नोंद बफरमध्ये मावली नाही तर बफर दुप्पट करायचा, तरी नाही मावली तर पुन्हा दुप्पट. आकार ठेवायला साइझ-टी, म्हणजे ६४ बिट. इथपर्यंत सगळं ठीक. हल्लेखोर एकात एक इतक्या डिरेक्टरी करतो की पाथची एकूण लांबी १ जीबीच्या वर जाते. मग ती माउंट करतो, डिलीट करतो आणि स्वतःच्या प्रोसेसची माउंटइन्फो फाइल वाचायला घेतो. बफर फुगत फुगत २ जीबीचा होतो. हा आकार पुढे डेंट्री-पाथ या फंक्शनकडे जातो आणि तिथला पॅरामीटर आहे साधा इंट. २ जीबी म्हणजे २,१४,७४,८३,६४८, इंटमध्ये मावतो त्याहून बरोबर एक जास्त. त्याचं झालं उणे २ जीबी.

पुढचा भाग निवांत वाचा. हे फंक्शन बफरच्या शेवटाकडून उलटं लिहीत येतं. शेवट काढायचा म्हणजे सुरुवातीत लांबी मिळवायची. लांबीच उणे, त्यामुळे हा 'शेवट' बफरच्या सुरुवातीच्याही २ जीबी अलीकडे पडतो. पाथ डिलीट झालेला असल्यामुळे तिथे '//डिलीटेड' अशी खूण लिहायची असते, शेवटच्या शून्यासकट १० बाइट. लिहिण्याआधी जागा आहे का, हे बघायची तपासणी कोडमध्ये आहे: लांबीतून १० वजा करा, उत्तर उणे आलं तर परत फिरा. पण लांबी आधीच इंटच्या तळाला टेकलेली. त्यातून १० वजा केले की आकडा थेट वरच्या टोकाला जातो, अधिक २,१४,७४,८३,६३८. तपासणीला वाटतं भरपूर जागा आहे. एका ओव्हरफ्लोने पत्ता चुकला, तोच आकडा दुसऱ्यांदा उलटला आणि तपासणी निकामी झाली. फक्त १० बाइट, तेही हल्लेखोराने न निवडलेली अक्षरं, आणि तेवढ्यावर क्वालिसने उबुंटू २०.०४, डेबियन ११, फेडोरा ३४ च्या जशाच्या तशा इन्स्टॉलेशनवर साध्या युजरला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, करून दाखवलं.

६४ बिटने इथे वाचवलं नाहीच, उलट दार उघडून दिलं. ३२ बिटच्या कर्नलला स्वतःसाठी २ जीबीचा सलग बफर मिळालाच नसता!

तुमच्या माहितीतली प्रकरणं जरूर लिहा. विंडोजवाल्यांनीही.

नवखा०७

दादा, एक बेसिक शंका. कॉलेजमध्ये शिकवलं होतं की सी मध्ये अनसाइन्ड आकडा गुंडाळला जातो हे भाषेनेच ठरवलेलं आहे. मग तो बग कसा? जे नियमात आहे ते चूक कसं?

सह्यकडा

प्रश्न चांगला आहे. अनसाइन्डचं गुंडाळणं नियमातच आहे आणि बऱ्याच ठिकाणी ते हवंही असतं. हॅश, चेकसम, टीसीपीचा सिक्वेन्स नंबर यांचं गणित त्यावरच चालतं. चूक असते ती पुढच्या वापरात. तोच आकडा नंतर लांबी, जागा किंवा इंडेक्स म्हणून वापरला, आणि तो बाहेरून आलेल्या आकड्यावरून काढलेला असेल, तर तिथे भोक पडतं. म्हणून कोड वाचताना मी "हा आकडा मावेल का" असं विचारत नाही. "हा आकडा कुणाच्या हातात आहे" असं विचारतो. युजरच्या हातात असेल तर तो नेमका न मावणाराच आकडा देणार हे धरून चालायचं.

कळसूबाई

उत्तम धागा. ६४ बिटच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी माझ्याकडे आणखी एक आहे, आणि त्यात कुठलाही आकडा अरुंद जागेत शिरत नाही. तपासणीचं गणित ६४ बिट अनसाइन्डमध्येच. तरीही गेलं.

सीव्हीई-२०२२-०१८५. फाइलसिस्टम माउंट करताना पर्याय एकेक करून कर्नलला द्यायची जी नवी पद्धत आली, तिच्या लेगसी-पार्स-पॅराम या फंक्शनमध्ये २०१९ पासून ही चूक होती. पर्याय जोडत जोडत एका पानाच्या, म्हणजे ४०९६ बाइटच्या बफरमध्ये भरले जातात. प्रत्येक वेळी तपासणी अशी:

जर (नवीन लांबी > ४०९६ − २ − आतापर्यंतचा आकार) तर नकार

वाचायला एकदम बरोबर. दोन बाइट स्वल्पविराम आणि शेवटचं शून्य यांच्यासाठी राखून ठेवलेत. पण ही तपासणी पाळूनही आकार कुठवर जाऊ शकतो ते बघा. नवीन लांबी जास्तीत जास्त ४०९४ वजा आकार. त्यात स्वल्पविरामाचा एक. म्हणजे एकूण ४०९५ पर्यंत रीतसर भरता येतं. आता पुढचा पर्याय आला की उजवी बाजू काय होते? ४०९६ वजा २ वजा ४०९५, म्हणजे उणे १. अनसाइन्डमध्ये उणे १ हा वीस आकडी राक्षस असतो. नवीन लांबी त्याहून मोठी असणं शक्यच नाही. त्यामुळे पुढचा प्रत्येक पर्याय पास होतो आणि बफर ओलांडून शेजारच्या पानात लिहीत राहतो. तेही हल्लेखोराने स्वतः निवडलेली अक्षरं, हवी तितकी. सेक्वोयात हल्लेखोराला जे नव्हतं ते सगळं इथे आयतं मिळालं.

'क्रुसेडर्स ऑफ रस्ट' या सीटीएफ, म्हणजे हॅकिंगच्या स्पर्धा, खेळणाऱ्या टीमला हे सिझकॉलर फझर (कर्नलवर वेडेवाकडे कॉल मारून चुका शोधणारं टूल) चालवताना सापडलं. गूगलच्या केसीटीएफ या बक्षीस योजनेतल्या कंटेनरमधून (प्रोग्रामला मशीनच्या इतर भागापासून वेगळं ठेवणाऱ्या कप्प्यातून) बाहेर पडून त्यांनी ते सिद्ध केलं आणि ३१,३३७ डॉलर बक्षीस मिळवलं. दुरुस्ती एका ओळीची: वजाबाकी काढून बेरीज. जर (आकार + नवीन लांबी + २ > ४०९६) तर नकार. शाळेच्या बीजगणितात ही दोन्ही वाक्यं एकच आहेत. कर्नलमध्ये त्यांच्यात कंटेनर फुटण्याइतकं अंतर आहे.

माझ्या टीममध्ये कोड रिव्ह्यूचा एक नियम मी पक्का केलाय. तपासणीत अनसाइन्डची वजाबाकी दिसली की तिथे थांबायचं आणि ती उणे जाऊ शकत नाही हे लिहिणाऱ्याने कमेंटमध्ये लिहून दाखवायचं. नाही दाखवता आलं तर बेरजेत मांडायचं.

बिटकरी

कळसूबाई, नियम पटला. पण बेरीजही निर्धोक नसते, हे त्याच्या शेजारी लिहून ठेवा. २००३ चं डू-ब्रक प्रकरण आठवतंय का कुणाला? लिनक्स २.४ मध्ये ब्रक या, मेमरी वाढवून मागायच्या, सिस्टम कॉलच्या आत पत्ता आणि लांबी यांच्या बेरजेची मर्यादा तपासलीच जात नव्हती. युजर आपली मेमरी वाढवत वाढवत कर्नलच्या हद्दीत शिरू शकत होता. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनचे स्वतःचे सर्व्हर याच भोकातून फोडले गेले. आधी एका डेव्हलपरचा पासवर्ड चोरून साधा प्रवेश मिळवला, मग हे वापरून रूट.

दुरुस्तीत दोन अटी आहेत. पहिली, बेरीज युजरच्या हद्दीपेक्षा मोठी नसावी. दुसरी, बेरीज मूळ पत्त्यापेक्षा लहान नसावी. दुसरी अट नवख्याला विचित्र वाटेल, धन आकडा मिळवून बेरीज लहान कशी होईल? ती गुंडाळली गेली तरच होईल. ओव्हरफ्लो पकडायची हीच जुनी खूण.

या प्रकरणातलं मला सगळ्यात लागलेलं वेगळंच आहे. हीच दुरुस्ती त्याआधी सप्टेंबरमध्ये २.६ च्या चाचणी आवृत्तीत गेली होती. पण ती सुरक्षेची आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. २.४.२३ मधून ती सगळ्यांपर्यंत पोचेस्तोवर डेबियनचे सर्व्हर गेलेले होते. "एक सीमा तपासणी वाढवली" एवढीच नोंद असलेला पॅच दिसला की आजही मी तो दोनदा वाचतो.

नेत्रा_के

बिटकरींच्या खुणेत एक पाचर आहे. ती अनसाइन्डलाच चालते. साइन्ड आकड्यांवर "बेरीज मूळ आकड्यापेक्षा लहान झाली का" असं विचारलं तर सी च्या नियमानुसार साइन्ड ओव्हरफ्लो होतच नाही असं कंपायलर धरून चालू शकतो. मग ही अट कधीच खरी होणार नाही म्हणून तो ती तपासणीच उडवून टाकतो. सोर्समध्ये तपासणी दिसते, बायनरीत नसते. म्हणून लिनक्स कर्नल 'नो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो' या फ्लॅगने बांधतात, म्हणजे साइन्डही गुंडाळतं असं कंपायलरला बजावलेलं असतं. तुम्ही स्वतंत्र ड्रायव्हर किंवा फर्मवेअर लिहीत असाल आणि तो फ्लॅग तुमच्याकडे नसेल, तर कर्नलमधली पद्धत जशीच्या तशी उचलू नका.

आता तर अशा खुणांची गरजच नाही. चेक-अॅड-ओव्हरफ्लो, चेक-मल-ओव्हरफ्लो हे मॅक्रो कर्नलमध्ये आहेत. ते थेट कंपायलरलाच विचारतात की गणित मावलं का. गुणाकार करून जागा मागायची तर केमॅलॉक-अॅरे वापरा. धाग्याच्या सुरुवातीचं चार बाइटचं उदाहरण तिथे नुसतं अपयशी ठरतं, जागा मिळतच नाही. स्ट्रक्टच्या शेवटी अॅरे असेल तर स्ट्रक्ट-साइझ. हा मॅक्रो न मावणाऱ्या उत्तराच्या जागी कमाल आकडा ठेवतो, आणि तेवढी मेमरी कुणालाच मिळत नाही. २०१८ मध्ये कर्नलच्या सुरक्षेवर काम करणारे कीस कुक यांनी जुन्या कोडमधले उघडे गुणाकार शोधून शोधून मोठ्या संख्येने बदलले. कंटाळवाणं काम आहे, टाळ्या पडत नाहीत, पण ते कुणीतरी केलं म्हणून आज बरंच काही शाबूत आहे.

मुळशीकर

विंडोजची बाजू मांडतो. जगाला सगळ्यात महागात पडलेलं यातलं प्रकरण आमच्याकडचंच आहे, आणि ते ओव्हरफ्लोचं आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. इटर्नलब्लू, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेचं चोरीला गेलेलं हॅकिंगचं हत्यार.

एसआरव्ही.सिस हा एसएमबी या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये चालतो. ओएस/२ च्या पद्धतीने आलेली फाइल गुणधर्मांची यादी तो एनटी पद्धतीत बदलून घेतो. यादीच्या सुरुवातीला तिची एकूण लांबी असते, ३२ बिट. ड्रायव्हर यादी चालत जातो, मध्येच बिघडलेली नोंद भेटली तर तिथून पुढची यादी सोडून देतो आणि लांबी तेवढी कमी करून लिहितो. इथेच घोळ आहे. कमी केलेली लांबी लिहिताना ३२ बिटच्या जागेतले फक्त खालचे १६ बिट बदलले जातात.

आकड्यांत बघा. पाठवणाऱ्याने लांबी सांगितली ६५,५३६. म्हणजे खालचे १६ बिट शून्य आणि वर एक बिट. ड्रायव्हरने मोजून ठरवलं की चांगला भाग ६५,३७३ चा. खालच्या १६ बिटमध्ये ६५,३७३ लिहिलं, वरचा बिट तसाच राहिला. लांबी झाली १,३०,९०९. कमी करायला गेलेला आकडा दुप्पट झाला. बफर मात्र चांगल्या भागाच्या हिशेबाने घेतलेला. पुढची कॉपी त्याच्या बाहेर, आणि हे सगळं नेटवर्कवरून, लॉगिन न करता.

मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला, पाठोपाठ एप्रिलमध्ये शॅडो ब्रोकर्स या हॅकर गटाने चोरलेलं हत्यार उघड्यावर टाकलं, ते वापरून १२ मे ला वॉनाक्राय आणि २७ जून ला नॉटपेट्या हे मालवेअर जगभर पसरले.

आणि तो धडा घेऊनही मार्च २०२० मध्ये एसएमबीघोस्ट. तोच प्रोटोकॉल, नवा ड्रायव्हर, विंडोज १० च्या १९०३ आणि १९०९ आवृत्त्या. कॉम्प्रेस केलेल्या पाकिटाच्या हेडरमध्ये दोन ३२ बिटचे आकडे येतात: मूळ आकार आणि ऑफसेट. ड्रायव्हर त्यांची बेरीज करून तेवढा बफर घ्यायचा. एक आकडा कमाल दिला आणि दुसरा १६, तर बेरीज १५. मशीन ६४ बिट, विंडोज ६४ बिट, पण पाकिटातलं फील्ड ३२ बिट आणि बेरीजही ३२ बिटमध्येच. सह्यकडांचा मुद्दा शंभर टक्के.

दर्यावर्दी

मी प्रोग्रामर नाही, जहाज वाहतुकीच्या कागदपत्रांचं काम करतो. पण मुळशीकरांनी २७ जून २०१७ चा उल्लेख केला म्हणून लिहावंसं वाटलं. त्या दिवशी नॉटपेट्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बसली आणि तिचा फटका न्हावाशेवाला आला. जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे आहे. संगणक बंद, कुठला कंटेनर कुठल्या गाडीचा हे काढायची सोयच नाही, कामं हाताने करायची वेळ आली आणि बंदराबाहेर माल तुंबू नये म्हणून धावपळ. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की व्हायरस आलाय. १६ बिट लिहायचे की ३२, इतक्या लहानशा गोष्टीपर्यंत त्याची एक मुळी जाते हे आज इथे वाचून समजलं. समजावून सांगितल्याबद्दल आभार.

बिटकरी

दर्यावर्दी, तुमच्यासारख्यांनी लिहिलं की या विषयाचं वजन कळतं. एक पुरवणी मात्र जोडतो, म्हणजे चित्र पुरं होईल. नॉटपेट्या शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आत शिरल्यावर इटर्नलब्लू वापरलं हे खरं, पण मशीनच्या मेमरीतून पासवर्ड काढून पुढे सरकायची सोयही त्यात होती. त्यामुळे पॅच लावलेली मशीनही गेली. तुमचा 'एक मुळी' हा शब्द नेमका आहे.

रानवारा

सगळं वाचलं, अभ्यासपूर्ण आहे. पण माझं मत स्पष्ट सांगतो: हे सगळं सी चं देणं आहे. मॅक्रो, फ्लॅग, रिव्ह्यूचे नियम ही ठिगळं आहेत. लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट ही भाषा आलीय, नवे ड्रायव्हर त्यात लिहा. तिथे बेरीज मावली नाही तर मुकाट्याने पुढे जात नाही.

नेत्रा_के

रानवारा, दिशा मान्य, पण तपशील जरा बघू. रस्टमध्ये डीबग बिल्डमध्ये ओव्हरफ्लो झाला तर पॅनिक होतो. रिलीज बिल्डमध्ये, वेगळं सांगितलं नाही तर, तोही गुंडाळतोच. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये रस्टच्या ओव्हरफ्लो तपासण्यांचा स्वतंत्र पर्याय आहे आणि तो मुळातून चालू असतो. तो बंद करून कर्नल बांधला तर बेरीज मुकाट्याने पुढे जाईल. तरीही रस्टमध्ये इंडेक्स हद्दीबाहेर गेला तर तिथे अडवलं जातं, त्यामुळे चुकलेला आकडा थेट मेमरी फोडत नाही. खरा फायदा हा आहे.

पण लाखो ओळींचं जे सी आहे ते उद्या नाहीसं होणार नाही, म्हणून तिथली झटापट चालू ठेवावीच लागेल. २०१२ च्या सुमारास पॅक्स या कर्नल सुरक्षेच्या प्रकल्पातल्या एमेशे रेव्हफी यांनी जीसीसी कंपायलरसाठी साइझ-ओव्हरफ्लो प्लगइन केलं. आकाराची गणितं दुप्पट रुंदीत पुन्हा करून बघायची आणि उत्तर वेगळं आलं तर थांबवायचं. २०२४ मध्ये कीस कुक यांनी मुख्य कर्नलसाठी अशाच धर्तीचा प्रस्ताव मांडला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जोरदार आक्षेप घेतला. अनसाइन्ड गुंडाळणं हे ठरलेलं आणि उपयोगाचं वर्तन आहे, सरसकट सगळ्यावर ओरडणारं टूल नको, असा त्यांचा रोख होता. मला दोघांचंही पटतं, पण प्रत्यक्ष कामात कीस कुक यांच्या बाजूला झुकते. जिथे गुंडाळणं हवंय तिथे लिहिणाऱ्याने तसं लिहावं. न लिहिता झालेलं गुंडाळणं संशयास्पदच धरावं.

सह्यकडा

नेत्राताई, या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

काउंटरचं प्रकरण अजून कुणी लिहिलं नाही, ते मीच लिहितो, कारण "एवढे आकडे कोण मोजत बसणार" हा युक्तिवाद तिथे कायमचा निकालात निघाला. सीव्हीई-२०१६-०७२८, जानेवारी २०१६, पर्सेप्शन पॉइंट या कंपनीने जाहीर केलं. लिनक्स ३.८ पासूनच्या कर्नलमध्ये किल्ल्या ठेवायच्या कीरिंग व्यवस्थेत होतं. प्रोसेसने स्वतःचंच सेशन कीरिंग त्याच नावाने पुन्हा मागितलं की कर्नल त्याचा संदर्भ एकाने वाढवायचा आणि कमी करायला विसरायचा. एरवी ही साधी गळती. पण संदर्भांची मोजणी ३२ बिटची. तोच कॉल सुमारे ४.२९ अब्ज वेळा केला की मोजणी फिरून शून्यावर. कर्नलला वाटतं याला आता कुणी वापरत नाही, तो मेमरी मोकळी करतो. प्रोसेसकडे मात्र त्याचा पत्ता अजून आहे. त्या मोकळ्या जागी हल्लेखोर स्वतःचा मजकूर आणून बसवतो आणि खोट्या फंक्शन पॉइंटरवरून रूट होतो.

चार अब्जांहून जास्त कॉल म्हणजे अशक्य वाटतं ना? कोअर आय७-५५०० या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर त्यांना सुमारे अर्धा तास लागला. दुरुस्ती एका ओळीची: घेतलेला संदर्भ परत करा.

याचं खरं उत्तर २०१७ मध्ये ४.११ कर्नलमध्ये आलेलं रेफकाउंट-टी. त्यातली मोजणी हद्द ओलांडू लागली की एका जागी गोठते आणि पुन्हा हलत नाही. तो ऑब्जेक्ट मग कधीच मोकळा होत नाही, थोडी मेमरी वाया जाते, पण मशीन परक्याच्या हाती जात नाही. नेटवर्किंगवाल्यांनी तेव्हा वेगाची तक्रार केली होती. माझ्या मते हा सौदा दहा वेळा करावा.

आणि कर्नलमधली माझी सगळ्यात आवडती युक्ती याच कुळातली आहे. जिफीज हा घड्याळाच्या ठोक्यांचा काउंटर ३२ बिट मशीनवर, सेकंदाला हजार ठोके धरले तर, ४९.७ दिवसांनी गुंडाळतो. इतके दिवस कोण चाचणी करणार? म्हणून त्याची सुरुवात शून्यापासून करतच नाहीत, उणे ३०० सेकंदांपासून करतात. मशीन चालू झाल्यावर पाच मिनिटांत तो गुंडाळला जातो आणि ज्या ड्रायव्हरने ते गृहीत धरलेलं नाही तो लिहिणाऱ्याच्याच टेबलावर उघडा पडतो. मोजणी असलेलं काहीही लिहाल तर ते काठाजवळून सुरू करून चाचणी करा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

लॅबवाले_काका

एका कॉलेजच्या लॅबची मशीन मी सांभाळतो. उबुंटू आहे, मुलांना साधे अकाउंट आहेत. कर्नलचा कोड वाचणं माझ्या आवाक्यातलं नाही. अपडेट वेळच्या वेळी करतो. त्यापलीकडे माझ्या हातात काही आहे का?

कळसूबाई

काका, अपडेट केल्यावर मशीन रीबूटही करा. नवा कर्नल डिस्कवर आलाय आणि जुनाच चालू आहे, अशी मशीन लॅबमध्ये नेहमी सापडतात.

दुसरं म्हणजे युजर नेमस्पेस, म्हणजे युजरला स्वतःपुरता वेगळा कप्पा बनवू देणारी कर्नलची सोय. सेक्वोया आणि ०१८५ या दोन्हींत साध्या युजरने आधी स्वतःची नेमस्पेस बनवून त्यात प्रशासकाचे अधिकार मिळवले आणि मग माउंटशी खेळ केला. मुलांना त्याची गरज नसेल तर बंद करा: उबुंटू, डेबियनवर 'कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड-युजरएनएस-क्लोन' शून्य. इतर ठिकाणी 'युजर.मॅक्स-युजर-नेमस्पेसेस' शून्य. रूटशिवाय चालणारं पॉडमन वगैरे मग चालणार नाही, आणि ब्राउझरचं सँडबॉक्स त्यावर अवलंबून असू शकतं, म्हणून आधी एका मशीनवर लावून बघा. डॉकर वापरत असाल तर त्याचं मूळ सेककॉम्प प्रोफाइल (कुठले सिस्टम कॉल चालतील ते ठरवणारी यादी) काढू नका. ०१८५ ला लागणारा अनशेअर कॉल ते अडवतं. त्या काळी कुबरनेटिसमध्ये ते आपोआप लागत नव्हतं, म्हणूनच तिथे घबराट जास्त झाली.

नवखा०७

कळसूबाई ताई, ०१८५ ची दुरुस्ती वाचली. बिटकरी म्हणतात बेरीजही निर्धोक नसते. मग आकार + नवीन लांबी + २ ही बेरीज गुंडाळली जाणार नाही कशावरून?

कळसूबाई

हे विचारलंस म्हणून बरं वाटलं. नुसती ती ओळ बघून सांगता येत नाही, वर जाऊन बघावं लागतं. आकार याच फंक्शनमध्ये वाढतो आणि तपासणी बरोबर असली तर ४०९५ च्या पुढे जात नाही. नवीन लांबी म्हणजे पर्यायाचं नाव, त्याची किंमत आणि मधलं बरोबरचं चिन्ह. हे दोन्ही तुकडे युजरकडून घेताना एफएसकॉन्फिग सिस्टम कॉलमध्येच प्रत्येकी २५६ बाइटची मर्यादा लावलेली आहे. म्हणजे बेरीज काही हजारांच्या पुढे जाऊ शकत नाही, ६४ बिट तर सोडच. उद्या कुणी ती २५६ ची मर्यादा काढून टाकली, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. तू एक कर: तेच फंक्शन आणि तो सिस्टम कॉल शेजारी शेजारी उघड आणि लांबी कुठून कुठे जाते ते कागदावर काढ. अडलास तर इथेच लिही.